लेकीची पेज

"मग उष्ण देऊ की थंड? तेवढं सांगा, गुरुजी."

डोंगरावरच्या मठातले म्हातारे वैद्य हाओ आलं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शेन त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. कोणता पदार्थ उष्ण, कोणता थंड, कोणत्या ऋतूत लहानग्या पोटाला काय मानवतं, सारं त्याला तोंडपाठ. गावोगावची लेकरं त्यानं खाती केली होती. आणि आता स्वतःच्या लेकीपाशी घोडं अडलं होतं. दीड वर्षांची मेई त्याच्या शेजारीच बसली होती. आई वारल्यापासून चमचा दिसला की तोंड फिरवायची. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

"तांदळाची पेज दिली. बोरं घालून दिली, रताळं घालून दिली. आजचीही तिनं ढकलली. या आणलेल्या मडक्यात तशीच आहे."

"तिची आई कशी भरवायची?"

"चुकीचं," शेन पटकन म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "एक घास स्वतः खायची, एक हिला द्यायची. एकाच वाटीतून. मी रागवायचो. मोठ्यांचं पोट वेगळं, लहानाचं वेगळं..."

हाओ उठून आत गेले. शेन लेकीकडेच बघत बसला.

थोड्या वेळानं एक वाफाळती वाटी त्याच्या पुढ्यात आली.

"खा."

"गुरुजी, हिला..."

"तू खा."

कित्येक दिवसांत तो धड जेवला नव्हता. पहिला घोट घशाखाली गेला आणि बायको आठवली. हनुवटीला शीत चिकटलेलं असताना हसणारी. तिनं आत्ता दारातून आत यावं आणि आपण मुळीच रागवू नये, एवढंच त्याला हवं होतं. तो खात राहिला, रडत राहिला.

गुडघ्यावर इवलासा हात पडला.

मेई त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं वाटीकडे बघितलं. आणि तोंड उघडलं...

वाटीत आणखी एक लहान चमचा होता. तो त्यानं उचलला. एक घास तिला, एक स्वतःला. वाटीचा तळ दिसेपर्यंत.

"यात काय घातलं होतंत?" शेननं डोळे पुसत विचारलं. "आलं? किती? मला लिहून घेऊ द्या."

सोललेलं आलं पाटावर तसंच पडलं होतं. हाओ मडकं विसळत होते.

"तुझीच पेज ती. मी फक्त चमचे दोन ठेवले."