भिवरेचा पलिता

एका राज्यात आग उरली नव्हती. चकमक झाडली तर ठिणगी पडे आणि पडताच काळी होई. चुली थंड, भट्ट्या थंड. लोक भिजवलेले दाणे चावून दिवस ढकलीत, आणि स्मशानात प्रेते नुसती मांडून ठेवलेली असत.

हा शाप धूमाक्ष मांत्रिकाचा. डोंगरातल्या गुहेत त्याच्या बायकोची समाधी होती, आणि समाधीच्या उशाशी सोन्याचा दिवा तेवत असे. राजा अरिमर्दनाने लोभापायी तो दिवा उचलून आणला. तेव्हा मांत्रिक वेशीवर येऊन म्हणाला, "माझ्या मेलेल्या माणसाचा उजेड तू नेलास. तुझ्या मेलेल्यांना आग मिळणार नाही." इतके बोलून तो धुरासारखा विरला. राजाने घाबरून दिवा परत धाडला. नेणारे शिपाई डोंगराच्या वाटेवर खैराची झाडे होऊन उभे राहिले, आणि दिवा पुन्हा राजाच्या पलंगापाशी आला.

त्या राज्यात भिवरा नावाची बाई होती. ती आणि तिचा नवरा जिवाजी जत्रांतून पेटते पलिते फिरवून आगीचे खेळ करीत. थंडीने जिवाजी गेला. भिवरा त्याच्या प्रेताशेजारी बसून कोल्हे हाकलीत राहिली. तिला रडूही येईना.

एके सकाळी एक होला पक्षी तिच्यासमोर उतरला.

"बाई, अग्नी मेलेला नाही. समाधीपाशी निजला आहे. त्याच्यापुढे खेळ कर."

"न पेटलेल्या पलित्याने?"

"त्यानेच. पलिता तुझ्या हातचा हवा. दांडा शापिताचा, कापड मृताचे, तेल राजाचे. असा पलिता पाहून वाट तुला पुढे जाऊ देईल."

"आणि अग्नी उठलाच नाही तर?"

"तर तूही झाड होशील," असे म्हणून होला उडून गेला.

भिवरा डोंगराच्या पायथ्याशी गेली. पहिल्याच खैराला म्हणाली, "दादा, मला फांदी हवी. ओली तडकते. वाळलेली दे."

झाड म्हणाले, "माझा उजवा हात वाळला आहे. तो ने."

"दुखेल तुला."

"बाई, काहीतरी दुखू दे."

तिने फांदी तोडली. झाड ओरडले.

कापडासाठी ती स्मशानात परतली. जिवाजीच्या अंगावरचे धोतर तिने सोडवले, त्याच्यावर पळसाचा पाला घातला, आणि धोतराच्या पट्ट्या फाडल्या. दांड्याच्या टोकाला पट्टीवर पट्टी आवळून गुंडाळली, तांब्याच्या तारेने करकचून बांधली. हे काम ते दोघे मिळून करीत. एक ओढी, एक बांधी. आता तिने पट्टीचे टोक दातांत धरून ओढले.

मग ती राजवाड्यात गेली. राज्यातले सारे तेल राजाने तिथे ओढून आणले होते. त्याचा मुलगाही थंडीने गेला होता, आणि प्रेत कुजू नये म्हणून तेलाच्या कढईत ठेवले होते. राजा कढईपाशी बसून होता.

"महाराज, पलिता भिजेल एवढे तेल द्या."

"माझ्या मुलाचा खांदा उघडा पडेल."

"माझा नवरा पाल्याखाली आहे."

राजाने स्वतः पलिता हाती घेतला आणि मुलाच्या खांद्यापाशी बुडवला. भिवरेने तो पिळला, कारण जादा तेल पेटले की हातावर उतरते. पिळून निघालेले तेल तिने थेंब न सांडता पुन्हा कढईत सोडले. ते पाहून राजा उठला, दिवा घेतला, आणि तिच्या मागून चालू लागला.

वाटेने वाट दिली. गुहेत अग्नी राखेच्या ढिगासारखा पडला होता.

भिवरेने मुजऱ्याचा खेळ केला. राख हलली नाही. तिने चक्राचा खेळ केला, हात गळून पडेतो केला. राख हलली नाही. तिच्या घोट्यांवर साल चढू लागली. राजाच्याही चढली. तेव्हा तिने आशा सोडली. अंगणात एकट्याने जिवाजी एक खेळ करीत असे. तिने तो नुसता पाहिला होता. पाय उचलत नव्हते, तरी ती तो करू लागली, आणि चुकली, आणि पुन्हा चुकली.

राखेत एक डोळा उघडला.

"हा खेळ असा नाही."

"माझा नाहीच तो. ज्याचा होता, तो जळायचा राहिला आहे."

"कुठे आहे तो?"

"स्मशानात. उघडा, पाल्याखाली."

अग्नी उठला आणि पलित्यावर येऊन बसला. राजाने दिवा समाधीच्या उशाशी ठेवला. तो आपोआप लागला. साल गळाली. वाटेवरची झाडे पुन्हा शिपाई झाली. एकाला उजवा हात नव्हता.

स्मशानात माणसे आपापल्या मृतांपाशी उभी राहिली. राजानेही मुलाला खांद्यावर आणले आणि त्याची पाळी येईतो तो रांगेत थांबला. भिवरेने पहिली चिता पेटवली, जिवाजीची. ज्वाळा चढल्या, आणि इतक्या दिवसांच्या गारठ्याने वाकलेली माणसे नकळत पुढे सरकली. कोणी तळवे पुढे केले, मग शरमून मागे घेतले.

"शेका," भिवरा म्हणाली. "त्याला चालेल."

तिनेही आपले हात चितेपुढे धरले. बोटांत ऊब आली, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा रडू फुटले.

दुसऱ्या दिवसापासून त्या राज्यात भात शिजू लागला.