मिटलेलं खालचं दार

एका नदीकाठच्या गावात एक पाटकरी राहायचा. नदीचं पाणी पाटाने शेतोशेती पोचवायचं, कुणाच्या वाफ्याचं दार कधी उघडायचं नि कधी मिटायचं, हे सगळं त्याच्या हातात. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. नवस बोलून बोलून थकल्यावर एकदाचा मुलगा झाला. पाटकऱ्याने गावभर गूळ वाटला.

पहिले काही दिवस बाळाने चांगलं बाळसं धरलं. मग दूध पडायला लागलं. आधी थोडं, पुढे सगळंच. ओठावरून ओघळणं नव्हे ते. पिऊन झालं की चूळ फेकावी तसं दूध लांब उडायचं. उडालं की बाळ पुन्हा भुकेलं, मुठी चोखायला लागायचं.

गावाला सल्ले द्यायला काय लागतं! कुणी दृष्ट काढायला लावली. कुणी बाळंतिणीचं दूधच जड ठरवलं आणि तिला मुगाच्या पाण्यावर ठेवलं. पाटकऱ्याच्या आईने गुटी उगाळून चाटवली. तीही उडाली.

शेवटी म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं. तिने बाळाला पाजायला लावलं, उजेडात उताणं निजवलं आणि पोटाकडे बघत बसली. डाव्या बरगडीखालून एक फुगवटा उठला आणि कातडीखालून सरकत उजवीकडे गेला. मागोमाग दुसरा. तिने उजवीकडे बोट दाबलं, तर बोराएवढं काहीतरी कठीण लागलं.

"बाबा, जठराला दोन दारं असतात," सुईण म्हणाली. "वरच्या दाराने खाल्लेलं आत येतं. खालचं दार म्हणजे मांसाचं कडं. आतलं घुसळून पातळ होईस्तोवर ते मिटून राहतं, मग थोडं थोडं आतड्यात सोडतं. तुझ्या लेकराचं ते कडंच जाड झालंय. दूध दारापर्यंत जातं नि माघारी फिरतं. अंगाला थेंब लागत नाही."

"मग औषध दे ना."

"याला औषध नाही. नदीपलीकडच्या शहरात शस्त्रवैद्य आहे. तो त्या कड्याला एक चीर देतो, दार मोकळं होतं. आजच्या आज ने."

पाटकऱ्याची आई उंबऱ्यात आडवी आली. "सव्वा महिना झाल्याशिवाय आपल्या घरातलं लेकरू नदी ओलांडत नाही. पाण्यातल्या आसरा देवी त्याला धरतात. आठवडाच तर उरलाय!"

"अहो, मी आसरांच्या पाया पडेन," बायको रडत म्हणाली. "पण आपण जाऊ या."

पाटकरी घुटमळला. त्याचं पोट पाण्यावर. पाण्याच्या देवतांशी त्याने वैर कसं घ्यायचं? "आठवडाच तर आहे," तोही म्हणाला. "तू पाजत राहा."

"पाट तुंबला तर तू वरून आणखी पाणी सोडतोस होय रे?" सुईणीने विचारलं. त्याने मान खाली घातली. पण पलीकडे जायला नाव काही ठरवली नाही.

बाळ वाळत चाललं. टाळू खोल गेली, दुपटी कोरडीच राहायला लागली, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या सुरकुत्या पडल्या. मग त्याचं रडणंच थांबलं. "बघा, निवळलं की नाही!" आजी म्हणाली. पाटकऱ्याला ते खरं मानावंसं वाटलं, आणि त्याने मानलं.

सव्वा महिना भरला. नदीची ओटी भरली, नारळ वाहिला आणि नाव पलीकडे गेली. शस्त्रवैद्याने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच राहिली.

"इतकं का थांबलात?" तो हळू आवाजात म्हणाला. "काम फार लहान होतं हो. पण आता शस्त्र सोसायला याच्यात जीवच उरला नाही."

तिथेच, आईच्या मांडीवर, बाळाने मान टाकली. पाटकरी शस्त्रवैद्याच्या पायांवर पडला, त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, पण गेलेला जीव कुणाच्या आपटण्याने परत येतो?

परतताना नदी संथ होती. आसरांनी ना काही नेलं, ना काही दिलं. मध्यावर आल्यावर बायकोला पान्हा फुटला आणि तिची चोळी भिजली. तिने पदर ओढून घेतला आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, "रीत नीट पाळली ना आपण?"



तात्पर्य: रीत उद्याही पाळता येते, अडलेल्या जिवाला उद्या असेलच असं नाही.