ठाण्यात जमा केलेली बंदूक

दौलतरावांनी पुतण्याच्या वरातीत बंदूक नाचवत बार काढला आणि गोळी हलगी वाजवणाऱ्या गेनूच्या खांद्यात घुसली. ग्रामसभेत त्यांचा बंदुकीचा परवाना रद्द करावा असा ठराव आला, तेव्हा ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मला शत्रू फार. बंदुकीशिवाय मी एक दिवस जगणार नाही."

म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. गेनूची मुलगी वैजयंता संतापून उठली.

"काका, निवडणुकीत तुमची बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा होती. तेव्हा तुम्ही एकटे दारोदार मतं मागत फिरलात. कुणी बोट तरी लावलं? बंदूक घरी आली आणि माझ्या बापाचा हात गेला. आता एक तर ती कायमची ठाण्यात ठेवा, नाहीतर गावात बारमाही निवडणूक लावा."

ठरावासाठी पहिला हात गेनूने वर केला. डावा, कारण उजवा उचलला जात नव्हता.