बगळेरावांचा चकचकीत लॅपटॉप

रानात लॅपटॉप नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. तळं आटत आलेलं. टिटवीनं लांबचं पाणी हुडकलं, वाटेचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आणला आणि म्हणाली, "ही वाट बघून घ्या, नाहीतर मीच पुढं होते, या माझ्यामागं."

"सरपंच असताना टिटवीच्या मागं चालायचं?" बगळेराव फणकारले. "मी लॅपटॉप आणतो. माळावर सगळ्यांना मीच वाट दाखवीन."

घुशीला घेऊन ते दुकानात गेले. एका लॅपटॉपची स्क्रीन आरशासारखी चकचकीत होती. तिच्यात आपली लांब मान दिसली आणि स्वारी तिथंच विरघळली.

घूस म्हणाली, "सरपंच, उन्हात हिच्यात काय दिसणार? तो बिनचमकीचा घ्या. आणि ह्याला कडेला एकच बारीक भोक आहे, पेनड्राइव्ह जायचा नाही त्यात."

"तुला मेलीला जिथंतिथं बिळंच दिसतात! सरपंचाला शोभायला नको?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं रान माळावर जमलं. पेनड्राइव्ह काही आत जाईना. बगळेरावांनी चोचीनं ढकलला, पायानं दाबला. शेवटी नुसतीच स्क्रीन लोकांकडे फिरवली. तिच्यात ऊन, आणि पुढं बसलेल्यांची तहानलेली तोंडं.

"ही तोंडं आमच्या ओळखीची आहेत हो," घूस म्हणाली. "चल गं टिटवे, हो पुढं."

सगळं रान टिटवीमागं निघून गेलं. बगळेराव सुकल्या तळ्याकाठी लॅपटॉप उघडून बसले. त्यांना सरपंच म्हणायला आता स्क्रीनमधला बगळा तेवढा उरला होता.