अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

“तर मग या संख्येला भागणारा कुणीच नाही?”

“कुणीच न्हाई, महाराज.”

नेमगोंडा मगदूम ताठ बसला होता. सरकारी मोजणी खात्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि आपलं गणित कधी चुकत नाही हे तो स्वतःच गावभर सांगत असे. आता नोकरी संपली होती, बायकोही गेली होती. मुनी श्रुतकीर्ती महाराजांच्या संघात सामील व्हावं आणि उरलेलं आयुष्य त्यांच्यामागं चालावं, एवढीच इच्छा होती.

चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी त्यानं तसं विचारलं, तेव्हा महाराजांनी हो-नाही न म्हणता त्याला एक संख्या दिली होती. ओळीनं सात वेळा एक. १११११११.

“एक सोडून आणि ती स्वतः सोडून, तिला आणखी कोण निःशेष भागतं ते पाहून ये.”

आज चातुर्मास संपला होता. उद्या सकाळी महाराज पुढच्या गावाला निघणार होते.

“दोननं भागलं, तीननं भागलं... दर खेपेला बाकी उरतीच. निव्वळ काळा पाषाण हाय, महाराज.”

“कुठवर भागलंस?”

नेमगोंडाची मान जराशी खाली आली.

“दोनशे अडतीसपर्यंत.”

“तिथं काय उरलं?”

“एकशे सत्तावीस.”

“आणि पुढं?”

“पुढं... पुढंबी तसंच असणार की.”

मोरपिसांच्या पिंछीनं महाराजांनी समोरची फरशी हळूच झाडली. एक मुंगी बाजूला झाली. मग त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी बोट दाखवलं.

नेमगोंडानं खिशातला खडू काढला.

दोनशे एकोणचाळीस. भागाकारात चार आले, मग सहा, मग पुन्हा चार. शेवटी उरले दोन हजार एकशे एक्कावन्न. तो पुटपुटत गुणू लागला आणि नवावर येऊन त्याचा हात थांबला. दोनशे एकोणचाळीस नवे... तेही दोन हजार एकशे एक्कावन्न.

बाकी शून्य.

त्यानं उलटा गुणाकार करून पाहिला. साती एक जसेच्या तसे उभे राहिले.

“चार महिने... हे हितंच हुतं. माझ्या एका पावलावर.”

त्यानं मान वर केली.

“तुमास्नी ठाऊक हुतं, महाराज?”

“नाही.”

त्यानं पुन्हा फरशीकडे पाहिलं. बाहेरून एकसारखी दिसणारी ती संख्या, आणि तिच्या पोटात हे चार, सहा, चार, नऊ. त्याचे डोळे भरून आले.

“मला सगळं कळलं असं म्हणून आलो हुतो. मी संघाच्या लायक न्हाई.”

महाराजांनी फरशीवरच्या भागाकारावर बोट ठेवलं. “हा चार हजार सहाशे एकोणपन्नास. याला कोण भागतं?”

“ठाऊक न्हाई, महाराज.”

महाराज उठले, कमंडलू उचलला.

“उजाडताना निघायचंय. खडू बरोबर घे.”