साकवाला न दिलेला माड

कोकणातल्या एका वाडीत, ओढ्यापलीकडे, द्रुपदीकाकी एकटीच राहायची. नवऱ्याने लावलेला एक उंच माड, एवढाच तिचा सोबती. एका वादळात तो माड आडवा झाला. त्याच वादळात ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायी ओलांडायचा लाकडी पूलही वाहून गेला.

वाडीतली माणसं तिच्याकडे आली. म्हणाली, "काकी, ह्या खोडाचो साकव घालूया."

काकी खोडाच्या आड उभी राहिली. "ह्यांच्या हातचो माड. तेच्यार कोणी पाय ठेवचो नाय."

लोक परत गेले आणि लांबच्या रस्त्याने ये-जा करू लागले. वाट वाकडी करून काकीकडे कोण येणार? रोज संध्याकाळी ती खोडावर बसायची आणि नवऱ्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची. फार एकटं वाटायचं तिला. पण साकव नाही म्हणून माणूस नाही, हे काही तिच्या ध्यानात येईना. हट्टी माणसाचं असंच असतं. दोन पावसाळ्यांत खोड आतून कुजलं.

पलीकडच्या काठावर भिवाची माडांची बाग होती. तिला गेंड्या भुंगा लागला. नाकावर शिंग असलेला हा काळा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो, आणि कोंब गेला की माड गेला. भिवा लोखंडी आकडा घेऊन माडावर चढे, एकेक भुंगा ओढून काढी. दुसऱ्या दिवशी नवे हजर. एकदा तो पलीकडून ओरडला, "काकी, चौथो माड गेलो! ह्ये भुंगे येतत तरी खंयसून?"

त्या संध्याकाळी बसताना काकीचा हात खोडात रुतला. आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्यात एक नवा भुंगा होता. तो तिच्यादेखत उडाला, थेट भिवाच्या बागेकडे.

भुंगे आपल्याच खोडातून जातात, हे काकीला कळलं. सांगितलं तर खोड जाळणार. नाही सांगितलं, तर कुणाला कळणारही नव्हतं. तीन दिवस ती गप्प राहिली. चौथ्या दिवशी भिवाचा पाचवा माड मान टाकताना दिसला आणि तिला राहवेना. काठावर जाऊन तिने हाक मारली, "भिवा, तुझे माड माझ्या खोडान खाल्ले रे! कुऱ्हाड घेऊन ये."

भिवा पाण्यातून आला. त्याने खोड फोडलं, जाळलं आणि तसाच निघून गेला. आठ दिवस काकी उंबऱ्यावर बसून राहिली. आता कुणी आपलं तोंडही बघणार नाही, असं तिला वाटलं.

नवव्या दिवशी ओढ्यावर मोठा आवाज झाला. भिवाने आपला मेलेला माड तोडून ओढ्यावर आडवा घातला होता. त्यावरूनच चालत तो अंगणात आला.

"माड मेलो, काकी. पण खोड अजून घट आसा. कुजाच्या आधी घातलंय."

तात्पर्य: जे वेळीच देता येतं, ते कवटाळून बसू नये. ते कुजतं आणि शेजाऱ्यालाही पोखरतं. चूक कबूल केली, तरच माणसांची वाट पुन्हा आपल्या दाराशी येते.