दुरपतायचं बी

आपल्या पणज्यांनीसुद्धा ही गोष्ट नुसती ऐकलेली, पाहिलेली कुणीच नाही. तेव्हा किती वर्षं झाली ते विचारू नका. कोकणातल्या आंबेखोल गावात, डोंगराच्या पायथ्याशी दुरपताय राहायची. मागेपुढे कोणी नाही, एक खोपटं आणि एक टोपली. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळा गाव तिच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ना, ती माटवी. तिला बांधायची रानातली फळं, पानं, फुलं दुरपताय आणायची. बदल्यात कुणी तांदूळ द्यायचं, कुणी नारळ. ज्याच्याकडे द्यायला काही नसे, त्याच्याही दारात तिची टोपली उतरायचीच.

सगळ्यांत मान कवंडळाचा. मुठीएवढं लालभडक फळ, चवीला कडूजहर, पण माटवीत बांधलं की घर उजळतं. कवंडळ घरटी एकच, हा दुरपतायचा नेम. उरलेली फळं ती वेलीवरच पिकू द्यायची, म्हणजे बी खाली पडेल आणि पुढच्या वर्षाची सोय होईल. ती वेलीखाली पदर पसरून उभी राहायची आणि जेवढी घरं तेवढीच फळं वेल आपणहून पदरात टाकायची, असं म्हणतात.

त्याच गावात विसराम परब होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पण त्या वर्षी त्याने नवं घर बांधलं होतं, लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच गणपतीला यायची होती, आणि विसरामच्या डोक्यात हवा गेली. माटवीचं लाकूड कुठे दिसता कामा नये, नुसती कवंडळं दिसली पाहिजेत, असं त्याने ठरवलं. त्याने दुरपतायला बोलावून घेतलं.

"गो दुरपते, औंदा माका एक नको. सगळी व्हयी."

"एका घराक एकच," ती म्हणाली. "गणपती काय तुझ्याच घराक येता?"

विसरामला राग आला. त्याने गडी घेतले आणि स्वतःच डोंगर चढला. हाताला आली ती फळं तोडली, नाही आली तिथे वेली मुळासकट ओढल्या. ते पाहून गावाने त्याला अडवलं असेल म्हणता? कसलं काय! आपल्याला उरणार नाही म्हणून सगळा गाव डोंगरावर धावला. दोष विसरामच्या नावावर लागला, पण हात सगळ्यांचेच हिरवे झाले होते.

चतुर्थीच्या दिवशी विसरामचं घर लालेलाल झालं. व्याही तोंडात बोट घालून बघत राहिले. एवढ्यात दुरपताय रिकामी टोपली घेऊन दारात आली. तिने माटवीकडे मान वर करून पाहिलं.

"बरी दिसता रे माटवी," ती म्हणाली. "फळां तुका ऱ्हवांदेत. पण बी माका दी. डोंगरार एक वेल ऱ्हवाक नाय."

विसराम खुशीत होता. "विसर्जनादिवशी ये. सगळी फळां तुकाच दितंय," त्याने सर्वांदेखत शब्द दिला. आणि तो शब्द विसरलाही.

विसर्जनाला नदी दुथडी भरून वाहत होती. ढोल, फटाके, गजर. दुरपताय टोपली घेऊन काठावर उभी होती. विसराम मूर्ती डोक्यावर घेऊन तिच्या समोरून गेला, पण त्याचं लक्षच नव्हतं. मागून घरच्या पोरांनी माटवी उचलून आणली आणि जशीच्या तशी पाण्यात सोडली. इतरांनीही आपापल्या सोडल्या. सगळ्या डोंगराची कवंडळं नदीवरून वाहत चालली.

विसराम पाण्यातून वर आला तेव्हा दुरपताय कमरेपर्यंत आत शिरली होती. एकेक फळ पकडून टोपलीत टाकत होती. त्याला शब्द आठवला.

"दुरपताय, नको गो! परत ये!" तो ओरडला. जन्मात पहिल्यांदाच त्याने तिला ताय म्हटलं होतं.

ती वळलीच नाही. टोपली भरत गेली तशी ती पुढे जात राहिली. पाणी तिच्या भोवतीने वाट काढत होतं आणि ती वाकून फळं वेचत होती, असं म्हणतात. मग नदीच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

पुढच्या वर्षी आंबेखोलच्या डोंगरावर एकही कवंडळ लागलं नाही. पण नदीकाठाने खाली जाल तर खाडीपर्यंत दोन्ही तीरांवर वेलीच वेली. विसराम अनवाणी खालच्या गावात गेला, हात जोडून एक फळ मागून आणलं, आणि बी डोंगरात पेरलं. उगवलं नाही. मरेपर्यंत तो दरवर्षी पेरत राहिला. आपण दुष्ट नव्हतो, नुसते खुशीत होतो, हेच त्याला सगळ्यांत जास्त सलायचं.

आजही आंबेखोलात माटवीला घरटी एकच कवंडळ बांधतात, तेही खालच्या गावांतून मागून आणलेलं. गणपती हलवण्याआधी ते सोडवतात. घरातला कर्ता माणूस डोंगरावर जाऊन बी मातीत घालतो आणि बी आणल्याची मोठ्याने हाक देतो, "दुरपताय, बी हाडलंय गो!" तो परत येईपर्यंत खाली ढोल वाजत नाही, मूर्ती उठत नाही, पोरंसोरं गप्प उभी राहतात.

वेल अजून एकदाही उगवलेली नाही. तरी कुणी जायचं चुकवत नाही.